वरवंट्याचे तीन ठोके

आमच्या स्वयंपाकघराची आणि गजरामावशीच्या स्वयंपाकघराची भिंत एकच होती. लोणावळ्याच्या रेल्वेच्या चाळीत सगळ्याच भिंती अशा सामाईक. इकडे मिरचीची फोडणी पडली की तिकडे ठसका लागायचा, आणि तिकडून कुणीतरी शिव्या घालत विचारायचं, की आज काय बेत आहे. आमच्या ओळीत एक गजरामावशीचं घर सोडलं तर सगळी आम्हा ख्रिस्ती लोकांची घरं, नगरकडून कामासाठी आलेली. मावशी इथल्याच बेडसे गावची. तिचा नवरा रूळ बदलणारा सांधेवाला होता आणि मुलगा शेडमध्ये कोळसा भरायला. माझे बाबा घाटात गाडीला मागून ढकलणाऱ्या इंजिनावर फायरमन. रात्रंदिवस ती इंजिनं फुंकार टाकत वर यायची. बाबा जेवताना मध्येच घास थांबवून शिट्टी ऐकायचे आणि कोणता ड्रायव्हर आहे ते सांगायचे. आई म्हणायची, ‘‘त्याला वाढू का मग?’’ आईच्या हातचा आंबेमोहोराचा भात आणि सुकटीची चटणी असली की बाबांना शिट्टीसुद्धा ऐकू यायची नाही. पावसाळ्यात डोंगरातल्या ठाकरणी टोपलीभर टाकळा आणि काठीला बांधलेले जिवंत खेकडे घेऊन यायच्या. त्या खेकड्यांच्या कालवणाचा वास ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. आता माझ्या सुनेला खेकड्याची किळस येते. असो. ज्याचं त्याचं नशीब.

चर्चमध्ये आमचा तरुण संघ होता. मुलगे आणि मुली एकत्र, हेच मुळात काही लोकांच्या डोळ्यांत खुपत होतं. त्यात पाळकसाहेबांनी मला चिटणीस केलं. मी सातवी पास झाले होते आणि मला गप्प बसता येत नव्हतं, एवढीच माझी लायकी. पाळकसाहेब मऊ स्वभावाचे, तळेगावच्या चर्चची मंडळीही तेच सांभाळायचे. सायकलच्या दांड्याला पिशवी अडकवून सारखे स्टेशनाकडे निघालेले असायचे. त्यांची एकच इच्छा होती, की आम्ही तरुणांनी रोज पवित्र शास्त्र वाचावं. रोज एक अध्याय, एकही दिवस न चुकता. इच्छा साधी, पण आम्ही तिची पार दैना केली. आधी ठरलं की पहाटे सगळ्यांनी चर्चमध्ये जमायचं. निम्मी पोरं रात्रपाळीवरून आलेली, ती भिंतीला टेकून घोरायची. उरलेल्यांना पहाटे शेडवर जायचं असायचं. मग ठरलं की ज्याने त्याने घरी वाचावं. रविवारी पाळकसाहेब विचारायचे, ‘‘वाचलंत ना?’’ सगळे एका सुरात ‘‘हो.’’ एकदा त्यांनी पुढचं विचारलं, ‘‘काय वाचलंत?’’ सगळे एकमेकांना कोपराने ढोसायला लागले. शेवटी दानिएल उठून म्हणाला, ‘‘प्रभूविषयी होतं.’’ दानिएल म्हणजे मावशीच्या पलीकडच्या घरातला, शेडमध्ये इंजिनं पुसणारा. त्या दिवशी पाळकसाहेबांचा पडलेला चेहरा पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हीच संधी फिलिप जमादारांनी साधली. यार्डात गाड्यांचे डबे जोडून घेणारे शंटिंग जमादार ते, चर्चच्या पंचांमधले सर्वांत जुने. ओळीच्या पार शेवटच्या घरात राहायचे. आवाज असा, की त्यांनी प्रार्थनेला सुरुवात केली की मावशीची म्हैस दूध चोरायची, असं मावशीच सांगायची. पंचांच्या बैठकीत ते उभे राहिले. ‘‘ह्यो संघ न्हाई, ह्यो तमाशा हाय,’’ ते म्हणाले. ‘‘पोरांची भजनमंडळी करा. पोरींना शिवणवर्गाला बसवा. आन् पोरगी चिटणीस? कुटं ऐकलंय का कुनी?’’ बाबा खाली मान घालून बसले होते. पाळकसाहेब काहीतरी पुटपुटले. आणि बायकांच्या बाजूला बसलेली मी उभी राहिले. अजूनही मला कळत नाही, की माझ्या पायांना कुणी सांगितलं. ईस्टर नुकताच झाला होता. मी म्हणाले, ‘‘आजपासून नाताळापर्यंत आम्ही रोज एक अध्याय वाचून नवा करार पुरा करू. एक दिवस जरी चुकला, तरी मी चिटणीसपद सोडते आणि सगळ्या मुली शिवणवर्गाला बसतात.’’ मुलींना मी विचारलं कुठे होतं! घरी आल्यावर आईने भाकरी थापता थापता एवढंच म्हटलं, ‘‘बोललीस ना? मग आता करून दाखव.’’

युक्ती सुचली ती त्या भिंतीमुळे. स्टेशनात वाढलेल्या पोरांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते, की पुढच्या स्टेशनाकडून लाईन क्लिअर, म्हणजे रूळ मोकळा असल्याचा निरोप, मिळाल्याशिवाय गाडी हलत नाही. मग ड्रायव्हर कितीही मोठा असो, गाडीत लाटसाहेब बसलेला असो. आम्ही आमच्या ओळीला तोच कायदा लावला. दिवेलागणीला पहिल्या घरात, म्हणजे आमच्या, अध्याय मोठ्याने वाचायचा. संपला की वरवंटा घेऊन पलीकडच्या भिंतीवर तीन ठोके. ठोके आले की पुढच्या घराने वाचायचं, मग त्यांनी पुढे. आणि दानिएलने त्यात मेख मारली, की ज्या घरी लाईन क्लिअर आली नाही त्या घरी ताट वाढायचं नाही. मुलं असलं काहीतरी गमतीनं बोलतात आणि जन्मभर पुरेल एवढं शहाणपण करून जातात. पाळकसाहेबांना जे उपदेशाने साधलं नाही ते भुकेने साधलं. आठ दिवसांत सगळ्या ओळीतल्या आया आमच्या मागे लागल्या. ‘‘वाच गं बाई लवकर, पलीकडं मानसं उपाशी बसल्यात!’’ ज्याची रात्रपाळी असेल तो दुपारीच वाचून जायचा, पण घरच्यांना ठोक्याची वाट पाहावीच लागे, आणि मग बहीण नाहीतर आई वाचायची. पहिल्याच आठवड्यात पोरांनी चलाखी केली. वाचलं नसताना अंगणातून नुसतं ओरडले, ‘‘आली रे आली!’’ तेव्हा मी नियम केला, की लाईन क्लिअर तोंडी नाही, धावत जाऊन नाही. भिंतीतून येईल तीच खरी. हा नियम ऐकून फिलिप जमादार पहिल्यांदा हसले. ‘‘बराबर हाय. रेल्वेत तोंडी लाईन क्लिअर नसती. शेवटचा ठोका माझ्या भिंतीवर येनार न्हवं? मी ऐकत बसीन. ज्या दिवशी आला न्हाई, त्या दिवशी संघ बंद.’’ त्यांचा शिमोन आमच्या संघात होता, कायम दिवसपाळीला. मुलगी मार्था माझ्याच वयाची, पण तिला त्यांनी संघात येऊ दिलेलं नव्हतं.

अडचण होती ती मावशीच्या घराची. मुलगे म्हणाले, मावशीला वगळून तिच्या छपरावरून दानिएलच्या कौलावर खडा टाकू. मावशीचं कौल फुटलं असतं तर तिने आमचीच लाईन क्लिअर केली असती. मी सरळ तिच्याकडे गेले आणि सांगितलं. मावशी तांदूळ निवडत होती. ‘‘मला वाचाया येत न्हाई,’’ ती म्हणाली, ‘‘पर ठोका द्याया काय हुतंय? हिकडनं आला की तिकडं देते. तेवढं माझं मडकं फळीवरनं पडू दिऊ नगा.’’ ती मात्र नुसती पोस्टमन होऊन राहणाऱ्यातली नव्हती. भिंतीच्या वरच्या अंगाला एक झरोका होता. पहिल्याच संध्याकाळी त्या झरोक्यातून आवाज आला, ‘‘आगं एस्तर, जरा मोठ्यानं वाच की. मला कळंना.’’ मत्तयाच्या पहिल्या अध्यायात नावांची रांगच रांग आहे. कोणापासून कोण झाला, त्याच्यापासून कोण. आम्हा ख्रिस्ती घरात जन्मलेल्यांना तो भाग कधी एकदा संपतो असं व्हायचं. मावशी म्हणाली, ‘‘ह्ये तर आमच्या हेळव्यावानी झालं. त्योबी बैलावर बसून येतो आन् पंज्याच्या पंज्यापासनं नावं सांगतो. मोठं घरानं दिसतंय!’’ त्या दिवसापासून ती यादी मला कधी कंटाळवाणी वाटली नाही. पुढे पुढे तर मावशी अध्याय पूर्ण ऐकल्याशिवाय ठोकाच पुढे द्यायची नाही. बापाची मालमत्ता उधळून डुकरं राखायला गेलेला गोष्टीतला पोरगा बापाकडे परतला तेव्हा तिने नाक ओढल्याचं मी भिंतीपलीकडून ऐकलं. धाकट्याला मेजवानी दिली म्हणून रुसलेल्या थोरल्या भावाचा मात्र तिला राग आला नाही. ‘‘त्येचं काय चुकलं? शेतात राबला त्यो,’’ असं ती ठणकावून म्हणाली.

वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. संध्याकाळी आमच्या ओळीतून तो आवाज जाऊ लागला. आधी आमचा ठोका, मग मावशीचा बोथट, कारण तिचा वरवंटा झिजलेला. मग दानिएलच्या घरचा, मग पुढचा, लांब लांब जात पार टोकाला. इंजिनांच्या फुंकारातही तो वेगळा ओळखू यायचा. भिंतींचा गिलावा पडून प्रत्येक स्वयंपाकघरात वाटीएवढे खड्डे झाले. बाबांना धास्ती, की साहेब तपासणीला आला तर पगारातून कापेल. आईने त्या खड्ड्यावर कॅलेंडर टांगलं. आषाढात पाऊस कोसळू लागला तसे कपडे वाळेनात, सरपण पेटेना, सगळ्या घरांत धूरच धूर. पण वाचन चुकलं नाही. खरं सांगते, सुरुवातीला मी पैजेसाठी वाचत होते. मध्येच केव्हातरी ते बदललं. दिवस मावळायला लागला की मन आपोआप त्या पानाकडे ओढ घ्यायचं. काल कुठवर आलो, आज काय होणार. आज या वयात मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी मी तेच करते, आणि त्यात माझी काही भक्ती आहे असं मला वाटत नाही. सवय आहे. पण सवयीसारखी दुसरी मैत्रीण नाही.

श्रावणातली ती संध्याकाळ. दुपारपासून पाऊस एकसारखा, समोरची शेडसुद्धा दिसत नव्हती. दिवेलागणीच्या आधीच शेडचा भोंगा झाला, तुटक तुटक, थांबून थांबून. त्याचा अर्थ चाळीतल्या तान्ह्या पोरालाही कळायचा. घाटात मालगाडी घसरली होती. बाबा निघाले, दानिएल निघाला, शिमोन निघाला. शेडमधला प्रत्येक मुलगा मदतगाडीबरोबर गेला. ओळीत राहिल्या बायका, पोरी आणि म्हातारे. तशात मावशीच्या सुनेच्या, सारजाच्या, कळा सुरू झाल्या. आई गरम पाण्याचा हंडा घेऊन तिकडे धावली. सारजाला स्वयंपाकघरातच ठेवलं होतं, कारण तेवढीच एक जागा उबदार होती. म्हणजे आमच्या भिंतीला अगदी लागून.

मी कंदील लावला, पुस्तक उघडलं आणि वाचलं. पौलाचं जहाज वादळात सापडतं आणि खडकावर फुटतं तो अध्याय. वाचताना भिंतीपलीकडून सारजाचं कण्हणं ऐकू येत होतं. अध्याय संपला. मी वरवंटा उचलला आणि तशीच उभी राहिले. ती भिंत, तिच्यापलीकडे हातभरावर सारजाचं डोकं. पहिलटकरीण, वेणा देऊन अर्धमेली झालेली. तिच्या कानाशी मी वरवंट्याने ठोके देऊ? आणि दिले नाहीत, तर धावत जाऊन सांगायचं नाही हा नियम मीच केलेला. सगळ्या ओळीच्या साक्षीने केलेला. शेवटच्या घरात एक म्हातारा भिंतीला कान लावून तो ठोका चुकायची वाट पाहत बसलेला. माझ्या डोळ्यांपुढे सगळ्या मुली शिवणवर्गात ओळीने बसलेल्या दिसल्या. मी वरवंटा पाट्यावर ठेवला. वाईट वाटलं का? इतकं वाटलं, की चुलीपुढे बसून मी हुंदके देऊन रडले. मी काही संत नाही. सारजाची कीव मला आलीच, पण माझी स्वतःची जास्त आली.

किती वेळ गेला कोण जाणे. दाराची कडी वाजली. दारात फिलिप जमादार, डोक्यावर इरलं, हातात यार्डातला हिरवा-लाल कंदील, अंगावरून पाणी निथळतंय.  आता हे म्हणणार, संपलं.

‘‘लाईन क्लिअर कुटं अडकली?’’ ते गरजले. ‘‘आमी समदी ताटं पुढ्यात घिऊन बसलोय. म्हातारी भुकेनं कावलीया. काय झालं काय?’’

मी बोटाने भिंतीकडे दाखवलं. पलीकडून सारजाची किंकाळी आली. जमादारांनी ती ऐकली. त्यांनी इरलं काढलं, क्षणभर भिंतीकडे पाहिलं, मग कॅलेंडरखालून डोकावणाऱ्या खड्ड्याकडे, मग माझ्या रडून सुजलेल्या तोंडाकडे. आवाज एकदम खाली आणून म्हणाले, ‘‘वाचलंस का तू?’’

‘‘वाचलं.’’

‘‘मग रडतीस कशापायी?’’

‘‘ठोका देता येत नाही. आणि तोंडी चालत नाही.’’

‘‘तोंडी चालत न्हाईच,’’ ते म्हणाले. मग खुर्चीवर बसून, जणू यार्डात नव्या पोराला शिकवताहेत तसे सांगू लागले. ‘‘मी दौंड-मनमाडच्या एकेरी लायनीवर लय वरसं काढली. तितं यंत्र बंद पडलं तर काय गाडी जल्माची उभी ऱ्हाती व्हय? न्हाई. मंग एका मानसाला पायलट नेमत्यात. त्यो सोता गाडीसंगं जातो. त्यो मानूसच लाईन क्लिअर. त्येच्याबिगर गाडी न्हाई, आन् त्यो आसला की कुनी आडवत न्हाई. हा नियम हाय, पोरी. माझा न्हाई, रेल्वेचा.’’ ते उठले, कंदिलाची काच फिरवून हिरवी केली. ‘‘आज मी पायलट. चल माझ्या मागं.’’

मी आईची घोंगडी डोक्यावर घेतली आणि त्यांच्या मागे निघाले. मावशीचं दार त्यांनी पाय न वाजवता पार केलं. दानिएलच्या दारात हिरवा कंदील वर धरला. दानिएलची धाकटी बहीण बाहेर आली आणि घाबरून बघतच राहिली. ‘‘लाईन क्लिअर,’’ जमादार म्हणाले. ‘‘वाच.’’ तिने चुलीच्या उजेडात वाचलं, अडखळत, बोट ठेवून. आम्ही दारात उभे राहून शेवटपर्यंत ऐकलं. मग पुढचं घर. मग त्याच्या पुढचं. प्रत्येक घरात मुलगे गेलेले, आणि प्रत्येक घरात कोणी ना कोणी मुलगी पुस्तक घेऊन तयार. कुणाच्या काखेत भाऊ, कुणाच्या हाताला पीठ. एकीही म्हणाली नाही, की मला येत नाही. पाऊस आमच्या अंगावर मारा करत होता आणि तेच जहाज घराघरातून पुन्हा पुन्हा फुटत होतं.  अध्याय संपला की जमादार ‘‘हं’’ म्हणून कंदील उचलत होते.

शेवटी त्यांचं स्वतःचं घर आलं. शिमोन घाटात. ताटं मांडलेली, त्यांची बायको भिंतीला टेकून बसलेली. जमादार उंबऱ्यातच थांबले. त्यांच्या ध्यानात आलं, की इथे वाचायला कोणी नाही. त्यांना स्वतःला चष्म्याशिवाय अक्षर दिसत नव्हतं आणि चष्मा फुटून महिना झाला होता. तेव्हा कोपऱ्यातून मार्था उठली. फळीवरून पुस्तक काढलं. अध्याय शोधायलाही तिला वेळ लागला नाही, तिने सरळ तेच पान उघडलं, आणि खणखणीत आवाजात वाचायला लागली. आवाज अगदी बापाचा. इतके महिने ती शिमोनच्या मागे बसून रोज वाचत होती, हे तिच्या आईला ठाऊक होतं, बापाला नव्हतं. जहाज फुटलं, पण माणसं फळ्या धरधरून सगळीच्या सगळी किनाऱ्याला लागली, तिथवर ती न थांबता गेली. जमादार कंदील धरून उभेच होते, पाण्याचं थारोळं झालं तरी. मग बायकोला म्हणाले, ‘‘वाढ आता.’’ आणि मला म्हणाले, ‘‘तूबी बस. खेकडं हायती.’’ त्या रात्री मी त्यांच्या पंक्तीला जेवले, आणि इतकं जेवले की आईला पुढे आठ दिवस लाज वाटत होती.

घरी परतले तेव्हा सारजाला मुलगा झाला होता. मावशी दारात हात धूत होती. मला पाहताच तिने पोराचं नाही सांगितलं, सुनेचं नाही सांगितलं. म्हणाली, ‘‘आगं, त्या जहाजाचं काय झालं? सारजाच्या वरडन्यात मला काय बी आयकू आलं न्हाई.’’ मी सांगितलं, सगळी वाचली. ‘‘बरं झालं बाई,’’ ती म्हणाली आणि आत गेली. पहाटे आमची माणसं घाटातून परत आली, चिखलाने माखलेली, सगळी धडधाकट.

त्यानंतर एकही संध्याकाळ चुकली नाही. नाताळाच्या दिवशी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी नव्या कराराचा शेवटचा अध्याय आमच्याकडूनच वाचून घेतला, एकेक ओळ एकेकाकडून. मावशी नातवाला घेऊन मागे दारापाशी बसली होती. वाचन झाल्यावर पंच म्हणून फिलिप जमादार उभे राहिले.  पैज मी जिंकले होते, पण पंचांच्या मनात आलं तर पैजेला कोण विचारतो? त्यांनी नेहमीच्या आवाजात सुरुवात केली आणि दारातलं तान्हं पोर दचकून रडायला लागलं.

‘‘ईस्टरच्या टायमाला मी काय बोल्लो ते समद्यांना ठावं हाय,’’ ते म्हणाले. ‘‘ते मी मागं घेतो. श्रावनात एक दिस असा आला, की समदी पोरं घाटात गेल्ती. त्या दिशी ह्यो संघ पोरींनी चालवला. मी डोळ्यांनी बघितलाय, दारोदार. संघ हाय तसाच ऱ्हाईल. चिटणीस हीच ऱ्हाईल. कुनाला काय म्हनायचं आसंल तर मला म्हनावं.’’  त्यांच्यापुढे म्हणणार कोण! मला वाटलं, आता ते बसतील. ते बसले नाहीत. बायकांच्या बाजूला वळले आणि म्हणाले, ‘‘मार्था, ऊठ. तिकडं संघात जाऊन बस.’’

मला त्या क्षणी जो आनंद झाला, त्याला नम्रतेचं पांघरूण घालायचं माझं वय आता राहिलेलं नाही. मी जिंकले होते, आणि नुसती पैज जिंकले नव्हते. मार्था लाल होऊन, पदर सावरत, सगळ्या चर्चच्या डोळ्यांदेखत मधल्या वाटेने आमच्याकडे आली. आमच्या बाकावर तसूभर जागा नव्हती. आम्ही सगळ्या मुली सरकलो, मी अर्धी बाकाबाहेर गेले, आणि ती माझ्याशेजारी बसली.